रान्वाच्या लग्नात मी नाचणार

प्रिय हायनी,

तुझं पत्र मिळालं. रान्वाच्या लग्नात मी नाचू नये, भिंतीशी खुर्ची टाकून देतो, तिथूनच गा, असं लिहिलंस. ती खुर्ची तुझ्या व्याह्यांना दे. माझ्या भाचीचं लग्न आहे आणि मी हातात हात धरून नाचणाऱ्यांच्या साखळीत उभी राहणार. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहिते आहे. तुझ्याबद्दलही एक बोलायचं आहे. ते शेवटी येईल, उडी मारून तिकडे जाऊ नकोस.

"कंपवाताची बाई पडली तर सगळी साखळी पडेल," हे वाक्य तुझंच ना? मालानचं नसणार, तुझी बायको माझ्याशी सरळ बोलते. आता ऐक. दारातून जाताना माझे पाय जमिनीला चिकटतात, हे खरं. दुकानात माझ्यामागे माणसं खोळंबतात आणि उगाच छताकडे बघत बसतात. पण नाचताना सगळ्यांनी मिळून गायची गाथा सुरू झाली, दोन्ही बाजूंचे हात हातात आले, की दोन पावलं डावीकडे, एक उजवीकडे, पाय आपले आपण निघतात. डॉक्टर एलिनबोरला मी हे तिच्या खोलीतच गाऊन, नाचून दाखवलं. ती म्हणाली, "ताल मिळाला की पुष्कळांचे पाय सुटतात. नाचा की, रोज नाचा!" मग मी तिचं ऐकू की तुझं?

मला आजाराचा राग येत नाही, वाया गेलेल्या दोन वर्षांचा येतो. डावा खांदा आखडला तेव्हा ओळखीच्या प्रत्येकाने निदान केलं: वय झालं. मी खांदा चोळून घेतला, लोकरीच्या पट्ट्या गुंडाळल्या, व्यायाम केले. चालताना हात हलत नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्याही नाही. कंपवात म्हणजे थरथर, एवढंच आपल्याला ठाऊक, आणि माझा हात तर दगडासारखा स्थिर होता. एलिनबोरने मला दवाखान्याच्या व्हरांड्यातून चालवलं, अंगठ्यावर बोट भराभर टेकवायला लावलं आणि म्हणाली, "थरथर नसली तरी हा आजार असू शकतो." मग विचारलं, "वास येतो का?" येत नव्हता, आणि कधीपासून ते मलाच सांगता येईना. आता गोळ्या घड्याळ लावून घेते, जेवणाच्या अर्धा तास आधी, कारण मटणाबरोबर घेतल्या तर नीट लागू पडत नाहीत. ख्रिसमसला तू त्यावरून माझी टर उडवलीस. "आमच्या ताईला मटणाआधी प्रस्तावना लागते!" मीही हसले.

त्याच जेवणाबद्दल मी दोन महिने गप्प बसले आहे. वाळवलेलं मटण तयार झालं की नाही, हे सांगायला गावात तुला बोलावतात. मटण टांगायच्या खोपटाच्या दारातून नाक आत घातलंस की झाला निकाल. त्या दिवशी तू स्वतः टांगलेली मेंढीची मांडी स्वतः कापून वाढलीस, आणि ती नासली होती. मालानने ताटं उचलली, पोरं खिडक्या उघडायला धावली, तू मात्र खात राहिलास. "हायनी म्हातारा झाला," म्हणून सगळे हसले. तेव्हा मला हसू आलं नाही. दोन दिवसांनी नाचात तू माझ्या उजवीकडे होतास. तीस वर्षं तुझा डावा हात माझ्या हातात झुलतो आहे. त्या दिवशी तो मी वर नेत होते आणि मीच खाली आणत होते. काही नसेलही, हायनी. नाक सर्दीनेही जातं. पण ते घरी बसून ठरवायचं नाही. या गुरुवारी साडेअकराला मी तुझ्या नावाने एलिनबोरची वेळ घेतली आहे. मालानला सगळं माहीत आहे, सकाळच्या बोटीसाठी ती तुला उठवेल. चिडायचं असेल तर बोटीत चिडून घे, मी तोर्सहाव्नच्या धक्क्यावर उभी असेन. माझी दोन वर्षं "वय झालं" म्हणत गेली. तुझा एक महिनाही मी तसा जाऊ देणार नाही.

तुझीच हट्टी बहीण,
सुन्वा