भाचीचा बॅज आणि माझं मार्गदर्शन

५ जानेवारी, सकाळी
नवी वही. नवं पेन. आजपासून रोज लिहिणार. ही वही कुणी वाचायची नाही, निदान मी हयात असेपर्यंत तरी.

काल जेवताना विषय निघाला. भाची स्काउटमध्ये आहे. वय चौदा. त्यांच्यात पायऱ्यांना सोपान म्हणतात. तिचा वरचा सोपान एका बॅजपायी अडलाय. प्रशिक्षकाचा बॅज. तो मिळाला तर मोठ्या शिबिराला निवड, नाही तर घरी बसा. या बॅजसाठी एक कोरा माणूस पकडायचा, म्हणजे ज्याला काहीएक येत नाही असा, आणि त्याला प्रवेशाच्या परीक्षेपर्यंत शिकवायचं. नवी आलेली पोरं बाकीच्या संघनायकांनी आधीच पळवली. ही राहिली हात चोळत. पथकाचे सर म्हणाले, मदतनीस म्हणून नाव घालणारा मोठा माणूसही चालेल. पोरगी रडकुंडीला आली होती. मी घास खाली ठेवला आणि म्हणालो, मी आहे ना.

सगळ्यांचे हात ताटातच थांबले. भारावले असावेत. मग ताई म्हणाली, अरे, तू बिनलेसचे बूट का घालतोस ते घरात सगळ्यांना माहीत आहे.

दुर्लक्ष केलं. ताईच्या घरी राहतो म्हणून ताईचं ऐकून घ्यावं लागतं. ती मला बेकार म्हणते. मी त्याला दोन संधींच्या मधला काळ म्हणतो.

६ जानेवारी
आराखडा. प्रवेश: एका आठवड्यात. पहिला सोपान: महिनाभरात. दुसरा, तिसरा: ओघाने. वर्षअखेरीस सरांची जागा. सर थकलेले दिसतात.

खरं म्हणजे शिकवणार मीच. भाचीला फक्त वाटू द्यायचं की ती शिकवतेय. मुलांचा आत्मविश्वास असाच वाढतो.

८ जानेवारी
गणवेश शिवून आला. सोबत दुकानातून सगळे बॅज आणले आणि दोन्ही बाह्यांवर लावून घेतले. एकेक मिळेल तसा शिवत बसायचं म्हणजे शिंप्याकडे सारख्या खेपा. शिंप्यानं विचारलं, एवढे सगळे कधी मिळवलेत? म्हटलं, मिळतीलच. तो बरं म्हणाला. कमी बोलणारा माणूस आहे.

आरशात पाहिलं. रुबाबदार दिसतो. पँट कमरेला घट्ट आहे, पण शिबिरात वजन उतरेल.

११ जानेवारी
पथकाची पहिली सभा. सरांनी माझ्या बाहीकडे बराच वेळ पाहिलं. मग एका बॅजवर बोट ठेवून विचारलं, हा कशाचा? वर लाटा होत्या. मी म्हणालो, पोहण्याचा. तो शेतीचा निघाला. त्या लाटा नव्हत्या, नांगरलेली जमीन होती. चित्रकाराचा दोष.

सगळे उतरवल्याशिवाय रांगेत उभं राहायचं नाही, असं ठरलं. रांगेतली पोरं फिदीफिदी हसत होती. भाची आपल्या बुटांकडे बघत होती. मग मलाच वाटलं की हिच्यासाठी तरी जरा जपून वागायला हवं.

शिंप्यानं सगळे उसवून दिले. पैसे घेतले नाहीत. म्हणाला, हसण्यात वसूल झाले. बाह्यांची चाळणी झाली आहे.

१४ जानेवारी
गाठी. चौकोनी गाठ म्हणजे उजवं डाव्यावर, मग डावं उजव्यावर. यात शिकण्यासारखं काय आहे? भाचीनं दाखवली. मी मारली. गाठ झाली, पण कुठली ते तिला सांगता येईना. हिच्या ज्ञानात त्रुटी आहेत.

संध्याकाळी एकट्यानं सराव केला. डावा हात खुर्चीला बांधला गेला. तेवढ्यात फोन वाजला, म्हणून खुर्चीसकट गेलो. भावजी पेपर वाचत होते. खुर्ची जावी म्हणून पाय तेवढे आखडले.

दोरी निकृष्ट आहे.

१७ जानेवारी
स्काउटचे नियम पाठ करतोय. अर्धे तर माझ्यात उपजतच आहेत. स्काउट काटकसरी असतो: मी कित्येक वर्षांत स्वतःचे पैसे खर्च केलेले नाहीत. स्काउट धाडसी असतो: ताईला न विचारता फ्रिज उघडतो. स्काउट विश्वासपात्र असतो. यावर विचार चालू आहे.

आमच्या संघाचं नाव घुबड. आरोळीही घुबडाचीच मारायची. गच्चीवर सराव केला. खालच्या मजल्यावरच्या बाई वर येऊन विचारून गेल्या की कुणाला काही लागलंय का.

१९ जानेवारी
रोज एक सत्कृत्य करायचं असतं. आजवरची अशी: न्हाणीघरात गायलो नाही. रिमोट आपणहून भावजींना दिला (सेल संपले होते). आज तर कमालच झाली. शेजारचा कुत्रा दोरीला बांधलेला दिसला, दया आली, सोडला. गाठ पहिल्या झटक्यात सुटली! भाचीला सांगायलाच हवं. संध्याकाळी कुत्रा शोधायला शेजाऱ्यांना मदत केली. एका दिवसात दोन सत्कृत्यं झाली.

शेजारी मात्र नीट बोलले नाहीत. लोकांना चांगुलपणाची सवय राहिलेली नाही.

२७ जानेवारी
शेकोटी. फक्त दोन काड्यांत पेटवायची. भाचीचं म्हणणं, आधी काटक्या जमव, सगळ्यात बारीक खाली, मग जाड, मध्ये हवेला वाट ठेव, आणि काडी सगळ्यात शेवटी. मी म्हणालो, ही सगळी सामान्य माणसांची पद्धत. तिनं मान हलवली आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.

अख्खी काडेपेटी संपली. डावी भुवई अर्धी राहिली आहे. वारा विरुद्ध दिशेनं होता. कुठल्याही बाजूला बसलो तरी विरुद्धच होता.

२ फेब्रुवारी
आज जे झालं ते लिहून ठेवायलाच हवं.

पाणी प्यायला गेलो तर आत ताई भाचीला झापत होती. स्वतःचा अभ्यास टाकून रोज संध्याकाळी त्याच्यापाशी बसतेस, अगं तो पालथा घडा आहे, सरांना सांग आणि दुसरं कुणी बघ. मी दारातच थांबलो. भाची म्हणाली, नाही आई, मामा शिकेल. त्याला वेळ लागतो एवढंच.

पाणी न पिताच परत आलो. खरं सांगतो, फार बरं वाटलं. इतक्या वर्षांत या घरात माझ्याबद्दल असं कुणी बोललं नव्हतं. थोडं रडूही आलं. डोळ्यांत शेकोटीचा धूर गेला होता त्याचा परिणाम असेल, पण बहुतेक रडूच होतं.

आता नापास व्हायचं नाही. पोरीचं शिबिर माझ्या हातात आहे. काय वाटेल ते झालं तरी शेकोटी पेटलीच पाहिजे.

९ फेब्रुवारी
परीक्षा रविवारी. तपासणीस बाई बाहेरच्या आहेत. एका मोठ्या इस्पितळात मेट्रन होत्या, आता निवृत्त. सरांनी समजावून सांगितलं: आधी भाची बाईंसमोर मला एक नवी गाठ शिकवणार, बाई तिचं शिकवणं बघणार. मग माझी प्रवेशाची परीक्षा. त्या वेळी भाचीनं बाजूला उभं राहायचं आणि तोंडातून चकार शब्द काढायचा नाही.

म्हणजे शेवटी सगळा भार माझ्यावरच. अपेक्षित होतं.

१४ फेब्रुवारी
तयारी पूर्ण. कापसाचा बोळा रॉकेलमध्ये भिजवून छोट्या डबीत घातला आहे. डबी खिशात. ही लबाडी नव्हे. स्काउटचं ब्रीदच आहे, सदा तयार राहा.

१५ फेब्रुवारी, दुपारी
नवी गाठ म्हणजे काठीला दोर बांधायची खुंटगाठ. भाचीनं दाखवली, मी चुकलो. तिनं पुन्हा दाखवली, मी पुन्हा चुकलो. मग ती समोरून उठून माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, आता तुझं डावं तेच माझं डावं. तरी दोर माझ्या घड्याळात अडकला. ती चिडली नाही, हसली नाही. तिनं दोर सोडवला आणि आपण परत करू म्हणाली. बाई एकटक बघत होत्या. माझ्या चिकाटीचं कौतुक वाटत असणार.

मग शेकोटी. पहिली काडी वाया. दुसरी काडी हातात. भाची झाडाकडे बघत उभी. मला ते वाक्य आठवलं, मामा शिकेल. डबी काढली, बोळा काटक्यांखाली सरकवला, काडी लावली.

भडका कमरेपर्यंत आला. बाहीनं पेट घेतला. सरांनी बादली ओतली. शेकोटीवर नाही, माझ्यावर.

बाईंनी हवेत नाक वर करून वास घेतला आणि विचारलं, हे कुणी शिकवलं तुम्हाला? मी नखशिखांत भिजलेलो, पण मन मोठं ठेवलं. म्हटलं श्रेय पोरीला द्यावं. खणखणीत आवाजात सांगितलं, सगळं हिनंच शिकवलं.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिला बोलायची बंदी. तिचा चेहरा एकदम उतरला.

घरी येताना ती चार पावलं पुढेच चालत होती. फाटकाशी एवढंच म्हणाली, मी तुला हे शिकवलं नव्हतं, मामा.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कारणं: वारा. ओल्या काटक्या. बाईंचा पूर्वग्रह. रॉकेल जास्त झालं.

नाही. कारण मी. माझ्या तोंडानं मी पोरीचा बॅज घालवला. उद्या बाईंकडे जाऊन खरं काय ते सांगून टाकणार. नक्की.

१६ फेब्रुवारी
घसा धरलाय. बोलता येत नसताना काय सांगणार?
रात्रीची भांडी मी घासली. कुणी सांगितलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी
बुधवार. अशी कामं बुधवारी करू नयेत असं मला वाटतं. भांडी घासली. भावजींचे बूट पुसले. भाची विचारलं तेवढंच बोलते. शिबिराबद्दल घरात कुणी अक्षर काढत नाही. हे शिव्यांपेक्षा वाईट आहे.

२० फेब्रुवारी
बाईंच्या फाटकापर्यंत गेलो. कडी आतून होती. हात घालून उघडता आली असती. परत आलो. भांडी, ओटा, पंख्याची पाती. ताई अचानक गोड वागायला लागली आहे. आज पडदेही धुवायला काढून दिले.

२२ फेब्रुवारी, दुपारी
गेलो. कडी उघडली.

बाई कुंड्यांना पाणी घालत होत्या. मी एका दमात सगळं सांगितलं: डबी माझी, बोळा माझा, खोटं माझं, पोरीनं फक्त काटक्या रचायला शिकवलं होतं आणि तेही मी शिकलो नाही. तिचा बॅज तिला द्या, हवं तर मला जन्मभर नापास करा.

बाईंनी झारी खाली ठेवली. म्हणाल्या, बॅज तर त्याच दिवशी मैदानावर पास केला, तुम्ही कपडे पिळत होतात तेव्हा तिला सांगितलंही. रॉकेलचा वास तुमच्या खिशाला येत होता, तिच्या शिकवण्याला नाही. बॅज शिकवणाऱ्याचा असतो. ती उठून तुमच्या शेजारी येऊन बसली तेव्हाच माझं ठरलं होतं. शिकायचं काम तुमचं, त्यात तुम्ही नापास आहात, त्याबद्दल शंका नको.

वर असंही म्हणाल्या की इतका अवघड विद्यार्थी आजवर कुणी आणला नव्हता. मी आभार मानले.

घरी येऊन भाचीला विचारलं, सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, राग आला होता. तू माझ्या नावावर खोटं बोललास. आणि मग बघत होते, तू आपणहून जातोस का. ताईला विचारलं, तुला माहीत होतं? भावजींना? भावजी पेपराआडून म्हणाले, भांडी फार स्वच्छ निघत होती हो.

दार लावून बसलो. आठवडाभर सगळ्यांनी मला खेळवलं. पण राग टिकेना. पोरगी शिबिराला जाणार. मी गेलो होतो हे ऐकून ती छान म्हणाली. गाठी बघून म्हणायची तसं नाही. या वेळी खरंच म्हणाली.

तर हिशेब असा की तिला बॅज माझ्यामुळे मिळाला. ताईला हे बोलून दाखवलं. ती म्हणाली, तुझ्यामुळे नाही रे, तू असूनही.

२३ फेब्रुवारी
भाचीनं पुढच्या सोपानाची तयारी सुरू केली. पहिला बॅज रुग्णसेवेचा. त्याला असा एक माणूस लागतो ज्याला स्वतःचं स्वतः काहीही करता येत नाही. तिनं जेवताना हे वाचून दाखवलं आणि सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं.

मी हो म्हणालो. नुसतं पडून राहायचं आहे. यात मला कुणी शिकवायची गरज पडणार नाही.