धुतलेली गाडी

७ ऑक्टोबर, सोमवार

उलटी. मागच्या सीटच्या पट्ट्याच्या खाचेत, खपली धरलेली.

आज कंपनीच्या सामायिक भाड्याच्या नऊ गाड्या तपासल्या. सहा घाण, दोन फार घाण, एक — दार उघडलं आणि लगेच लावून टाकलं. लॅपटॉप मांडीवर घेऊन बसायचं तर आधी सीटवर कचऱ्याची पिशवी अंथरावी लागते. दाराच्या कप्प्यात बाळाचा वापरलेला डायपर, नीट घडी घालून! घडी घालायला वेळ होता, डबा शोधायला नव्हता.

मी जे वास ओळखणारं यंत्र बनवते आहे, ते गाडीच्या छताला बसतं. घाण झाली की त्याला कळावं आणि आधीच्या माणसाला दंड जावा, एवढंच त्याचं काम. आज एका गाडीत त्या यंत्रावरच कुणीतरी च्युइंगगम चिकटवून ठेवलं होतं. दातांचे ठसे स्पष्ट.

हीच माणसं, स्टुटगार्टची. इथे जिना झाडायची पाळी आठवड्याने फिरते, ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी; शेजाऱ्याने आपल्या पाळीत एक कोपरा सोडला, तर वर्षभर त्याच्याशी बोलत नाहीत.

थिलो — आमचा प्रमुख, पांढऱ्या बुटांचा — म्हणाला, "यूडिथ, चिडतेस काय? मालकी गेली की थोडी लाजही जाते. आपण फक्त मोजायचं." हसत म्हणाला.

८ ऑक्टोबर, मंगळवार

घरातला सोफा भाड्याचा आहे. सहा महिन्यांनी बदलून देतात. आज "नवा" आला, म्हणजे दुसऱ्या कुणाचा तरी जुना. गादीच्या फटीत बोटं घातली तर कापलेली नखं. पायाच्या अंगठ्याची.

वॉशिंग मशीन भाड्याचं. सायकल भाड्याची. ड्रिल लागलं तर कोपऱ्यावरच्या वस्तू-वाचनालयातून. माझं सगळं दोन बॅगांत मावतं, हे मी लोकांना अभिमानाने सांगत असे.

जमिनीवर बसून जेवले.

१० ऑक्टोबर, गुरुवार

नवं काम. कंपनी लांबच्या गावांतल्या गाड्या काढून घेणार. कुठल्या ते मी ठरवायचं नाही म्हणे, आकडे ठरवतील. आकड्यांना काय विचारायचं ते मात्र मी लिहायचं.

नियम वरून आलेला, गावांना केव्हाच कळवलेला: गाडी किती वेळा निघाली हे महत्त्वाचं नाही, किती वेगवेगळी माणसं ती घेतात हे महत्त्वाचं. एकच माणूस रोज घेत असेल तर तो "सामायिक वापर" नव्हे.

पहिल्यांदा ओबरहाल्डन पाहिलं. अर्थातच. तिथे वर पठारावर आई राहते, खाली दरीतल्या गावात शुश्रूषागृहात बाबा. ते आता आम्हाला ओळखत नाहीत, पण जेवतात फक्त आईच्या हातून. ती गेली नाही त्या दिवशी ताट तसंच परत. बस शाळा असेल तेव्हाच, सकाळी खाली आणि दुपारी वर. संध्याकाळच्या जेवणाला आई पोचते ती आमच्या कंपनीच्या गाडीने. ती गाडी गावात आली तेव्हा आईने आपली विकली. नुसती अंगणात उभी असते, विकून टाक, असं मीच म्हटलं होतं.

ओबरहाल्डन यादीत सुरक्षित! बरीच वेगवेगळी माणसं. एवढ्याशा गावात?

एक गोष्ट खटकली. तिथलं वास-यंत्र शून्य दाखवतंय. कायम शून्य. बिघडलं असणार.

११ ऑक्टोबर, शुक्रवार

ओबरहाल्डनच्या फेऱ्या नकाशावर काढून पाहिल्या. आईच्या कळतात — खाली शुश्रूषागृह, तिथे थांबा, परत वर. बाकीच्यांचं काही कळत नाही. रोज दुपारी कुणीतरी वेगळंच गाडी काढतं, चर्च, पाण्याची टाकी, जंगलाची कड असा गोल फिरतं आणि परत येतं. कुठेही थांबत नाही. पिशवीभर बटाटेसुद्धा आणत नाहीत!

मेलेलं यंत्र आणि खोट्या फेऱ्या. कुणीतरी गडबड करतंय. माझ्याच गावात. किळस आली.

१३ ऑक्टोबर, रविवार

स्टेशनवर न्यायला आई गाडी घेऊन आली. आमचीच, कंपनीची. पण लखलखीत! चाकांच्या खाचासुद्धा पुसलेल्या. सीटवर इस्त्री केलेले टॉवेल. मागच्या काचेशी, जुन्या लोकांच्या गाडीत असते तशी, टॉयलेट पेपरची गुंडाळी, तिला लोकरीची विणलेली टोपी. साबणाचा वास. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

"पाय झटकून बस," आई म्हणाली.

घरी तिच्या दारावर लाकडी पाटी. जिना झाडण्याची असते तशीच, पण रंगवून लिहिलेलं — "गाडीचा आठवडा".

शेजारच्या रेंट्शलरबाई प्लमचा केक घेऊन आल्या होत्या. फेऱ्यांचं विचारलं, तर सांगताना त्यांना कसलाही संकोच वाटला नाही.

"तुमच्या लोकांनीच कळवलं ना, वेगवेगळी माणसं वापरत नसतील तर गाडी नेऊ म्हणून? मग बेकरीत बसून ठरवलं. तुझ्या आईला, गुड्रुनला, रोज खाली जावं लागतं. गाडी राहायला हवी. ज्याच्याकडे पाटी, त्याने आठवडाभर रोज कुणाला तरी फेरीला पाठवायचं आणि शनिवारी गाडी धुवायची."

"पण तुम्ही कुठेच जात नाही! नुसता गोल चक्कर!"

"मग काय रोज सासरी जाऊ? माझी सासू जाऊन तीस वर्षं झाली, पोरी."

दोघी इतक्या हसल्या की केकचा चुरा टेबलभर. लगेच पुसलाही.

"प्रत्येक फेरीचं भाडं भरता?"

"फुकट कोण देतंय?"

"धुता कशाला पण? ती गाडी तुमची नाहीये, आई."

"जिना तरी कुठे माझा होता? तीस वर्षं झाडलाच की. आपल्या पाळीत घाण राहिली तर लोक काय म्हणतील?"

संध्याकाळी बाबांकडे गेलो. त्यांना दारापर्यंत आणलं. त्यांनी गाडीच्या बॉनेटवरून बोट फिरवलं, बोट निरखलं, मान डोलावली. माझ्याकडे पाहिलंही नाही. मग आईने भरवलं. सावकाश, सगळं खाल्लं.

१४ ऑक्टोबर, सोमवार

खोट्या फेऱ्या शोधणारी चाळणी आज चालू केली. ओबरहाल्डन तिच्यातून वगळलं. प्रोग्रामात एक ओळ. कुणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

आईचा फोन. खुशीत.

"तुमच्या ऑफिसातल्या एका गोड मुलीचा फोन आला होता. म्हणाली, तुमच्या गावात गाडी इतकी लोकप्रिय कशी, अनुभव सांगा ना. मग सांगितला."

"काय सांगितलंस?"

"सगळं. पाळी, पाटी, गोल फेरी. आणि म्हटलं, खरं वाटत नसेल तर आमच्या यूडिथला विचारा. तुमच्याकडेच असते. रविवारी येऊन सगळं बघून गेली आहे."

"आई!"

"काय आई? तिने सरळ विचारलं. खोटं सांगू? लपवण्यासारखं काय आहे त्यात?"

तिच्या जागी रेंट्शलरबाई असत्या तरी त्यांनी हेच केलं असतं. अख्ख्या गावाने केलं असतं! पाळी लावून फसवणूक करायची, तीही इतकी प्रामाणिकपणे.

२१ ऑक्टोबर, सोमवार

थिलो मला ओरडला नाही. त्याहून वाईट. सोमवारच्या बैठकीत त्याने गोष्ट सांगितली. रंगवून. पाटी, टॉवेल, चर्चभोवतीची फेरी. आणि शेवटी — कुणाकडून मिळवला कोण जाणे — लोकरीच्या टोपीचा फोटो भिंतभर पडद्यावर.

सगळे हसले. "आज्ज्यांची टोळी!" कुणीतरी म्हणालं. कुणीतरी विचारलं, "टोपी आपल्या सगळ्या गाड्यांना मिळेल का?"

"तुझी आई काय गोड आहे गं, यूडिथ," थिलो म्हणाला. मग पुढची चौकट दाखवली. ओबरहाल्डन, बंद, महिनाअखेर.

मीही हसले होते. फार मोठ्याने नाही. पण हसले.

२३ ऑक्टोबर, बुधवार

थिलोला एकट्याला गाठलं. आईचं सांगितलं. बाबांचं जेवण सांगितलं. हे ऑफिसात कुणालाच सांगितलं नव्हतं, आणि सांगतानाच कळलं की सांगायला नको होतं. त्याने चेहरा सहानुभूतीचा केला.

"पण सेवा जिथे आहेत तिथे माणसांनी राहायला हवं ना? ती खाली राहायला का जात नाही?"

"ती गाडी मला विकत द्या."

"अगं, गाड्या आपल्या नाहीतच! भाड्याने घेतो आपण. ज्यांच्याकडून घेतो तेही कुठल्याशा फंडाकडून घेतात."

"मग मालक कोण?"

त्याने खरंच विचार केला. "असं आता कुणी विचारत नाही," म्हणाला.

तो खोटं बोलत नव्हता, म्हणूनच जास्त शिसारी आली. घरी येऊन हात धुतले. साबणही भरून देणाऱ्या कंपनीचा.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

आईशी बोलले. गाव शांत आहे म्हणे. रेंट्शलरबाईंनी आपला आठवडा अर्ध्यावर सोडला नाही. शनिवार नव्हता तरी काल पावसात उभ्या राहून गाडी धुतली.

"जाणारच आहे ती!"

"म्हणून घाण परत द्यायची?"

मी म्हटलं, महिनाभर थांब. जुनी गाडी बघते तुझ्यासाठी. कागदपत्रं, विमा, सगळं मी करते.

"आणि महिनाभर ते उपाशी राहतील?"

तिथल्या नर्स प्रयत्न करतील, म्हटलं. टॅक्सी बघू म्हटलं. पठारावर रोज संध्याकाळी टॅक्सी येणार नाही, हे तिला माहीत आहे. मलाही.

"तू नको काळजी करूस," ती म्हणाली. तिचा आवाज नको तेवढा शांत होता.

२८ ऑक्टोबर, सोमवार

ओबरहाल्डनच्या सगळ्या ग्राहकांना निरोप गेला: "इथवर सोबत प्रवास केल्याबद्दल आभार!" खाली डोळा मिचकावणारी गाडी. आईने मला तो पुढे पाठवला आणि विचारलं, ही गाडी डोळा का मारते आहे?

२९ ऑक्टोबर, मंगळवार

वास-यंत्राला कंपनीचं बक्षीस. माझ्या हातात फुलं. थिलोने मिठी मारली. मी हात बाजूला धरले.

३१ ऑक्टोबर, गुरुवार

ओबरहाल्डनची गाडी आज रात्रीपर्यंत उचलून आणायची होती. संध्याकाळी पडद्यावर तिची शेवटची फेरी पाहिली. आईच्या नावावर. खाली दरीत, शुश्रूषागृहाच्या दाराशी बराच वेळ उभी. मग वर. जाताना शेजारची सीट रिकामी. येताना तिथला पट्टा लावलेला.

फोन केला. "आई, बाबा कुठे आहेत?"

"स्वयंपाकघरात. जेवतायत," ती म्हणाली. "आता परत कशाने नेणार? गाडीच नाही."