सखुबाईंच्या सुनेबद्दल फोनने जे लिहिलं

कळवा, रविवार

चि. प्रियांकास,

सप्रेम जय भीम. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून तू रोज सुखरूप घरी पोचतेस असं धरून चालतो. माझे गुडघे आहेत तसेच आहेत. काकू माझ्यावर नाराज आहे, पण यंदा कारण तू आहेस.

विहारातल्या प्रौढ साक्षरता वर्गात तंत्रज्ञान आणा म्हणालीस. 'काका, एकदम नको, एका वेळी एकच गोष्ट.' ऐकलं. एकच गोष्ट आणली: आपण बोलायचं आणि फोनने मराठीत लिहायचं. वर्गाचा ग्रुप केला (त्यात बायांच्या सुना, मुलगे, एक भाडेकरूसुद्धा शिरला). त्यानंतर कुणी पेन्सिल धरेना. सखुबाई म्हणाल्या, "फोन लिहितोय ना सर, मग मी कशाला हात दुखवू?"

त्याच सखुबाईंनी भर वर्गात फोनला सांगितलं, माझी सून गुणी आहे. फोनने लिहिलं, माझी सून खुनी आहे. त्यांना वाचता येत नाही (म्हणून तर वर्गात येतात), त्यांनी ते ग्रुपवर पाठवून दिलं. संध्याकाळी सून पायल बॅग भरून कल्याणला, माहेरी.

समजूत घालायला सखुबाईंनी मला धाडलं. जन्मात कुणाची सोयरीक जमवली नाही मी, आणि तिथे हातात पाण्याचा ग्लास धरून 'ग' आणि 'ख' समजावत बसलो. पायल शांतपणे म्हणाली, "सर, फोनचं माझ्याशी काय वैर?" याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

शेवटी सखुबाईंनीच पेन्सिल घेतली. गिरवून गिरवून कागदावर लिहिलं, 'पायल गूणी आहे. घरी ये.' मी उकार सुधारायला गेलो, तर कागद ओढून घेतला. "राहू द्या सर, माझ्या हातचं आहे."

तो कागद हातात पडल्यावर पायल परत आली. सुटलो म्हणावं, तर आता सगळ्याच बायांनी धसका घेतलाय. फोनने काय लिहिलंय ते स्वतः वाचल्याशिवाय कुणी पाठवत नाही. एकेक अक्षर विचारून जीव खातात, वर्ग सुटता सुटत नाही, घरी काकू जेवण झाकून बसलेली. मला वर्षभर जे जमलं नाही ते फोनच्या एका चुकीने झालं, याचा मला अतिशय राग आलेला आहे.

तुझा,
जगनकाका

ता. क. ऑफिसात जुने फोन पडून असतील तर तीन-चार पाठव. नव्या बायका येताहेत.

आणखी एक ता. क. सखुबाई 'गुणी'च म्हणाल्या असं कल्याणला मी छातीठोकपणे सांगितलं. खरं म्हणजे मी तेव्हा फळा पुसत होतो. हे कुठे बोलू नकोस.