परत फेकलेला बॉल

स्टेट कॉलेज, १४ जुलै

ती. बाबांना,
मृणालचा नमस्कार. गुडघ्याला त्रास देऊन उठू नका, बसल्या बसल्याच आशीर्वाद द्या.

मी मजेत आहे. संध्याकाळी लॅबमधून थेट आमच्या या स्टेट कॉलेज गावातल्या बेसबॉल टीमची मॅच बघायला जाते. टीम छोटी आहे. एखादा मुलगा चांगला खेळायला लागला की मोठी टीम त्याला घेऊन जाते, म्हणून माझा लाडका खेळाडू कधी टिकत नाही. तरी एकही मॅच चुकवत नाही.

काल एक उंच उडालेला बॉल थेट माझ्याकडे आला. नुसत्या हातांनी झेलला, हात अजून झणझणतोय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि मी सवयीनं बॉल मैदानात परत फेकला. अख्खं स्टँड हळहळलं. इथे झेललेला बॉल प्रेक्षकानं घरी न्यायचा असतो म्हणे.

मला मिरजेचं मैदान आठवलं. अंपायर तुम्ही, बॉल एकच. तो ओढ्यात गेला की शोधून आणायचं काम माझं. तोवर तुम्ही हात वर करून उभे. बॅट्समन कितीही कुरकुरला तरी मी आल्याशिवाय खेळ सुरू व्हायचा नाही.

आई कशी आहे? तुमच्या ऑपरेशनची तारीख विचारली की ती फोनवर हवापाण्याचं बोलते. म्हणून तुम्हालाच लिहितेय. डिसेंबरचं तिकीट काढलंय.

तोवर हात वर करून ठेवा, बाबा. मी आल्याशिवाय सुरू करायचं नाही.

तुमची,
मृणाल