पुसलेल्या चाळीस नळ्या

सोमवार, ४ मार्च

डाव्या डोळ्यात मोतीबिंदू. उजव्यातही सुरुवात! डॉक्टर म्हणतात, "बारीक वाचायचं काम नको." माझं तर तेच काम! मॅडमना कळलं तर प्रयोगशाळा सुटली. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याला निवृत्तीनंतरही ठेवून घेतलं त्यांनी. कसे फेडू उपकार? हिलाही सांगितलं नाही. फक्त इथं.

मंगळवार, ५ मार्च

आज पेप्टाइडं विरघळवली — प्रथिनांचे बारीक तुकडे, चिमूटभर पांढरी भुकटी. फ्रीझरमधली कुपी मॅडम लगेच उघडायला लागल्या. मी म्हटलं, "थांबा, गार आहे! ओल धरेल."

"आता तुम्हीच शिकवा मला, काका!" दिवसभर हवेत होतो.

आठ प्रकार, प्रत्येकी पाच नळ्या. पुन्हा पुन्हा वितळवलं की वाया जातं, म्हणून थोडं थोडं वाटून गोठवायचं. मॅडमचं अक्षर हल्ली नळीभर मोठं असतं — बरं पडतं. तरी भिंग लागलंच. डब्यात कुठली नळी कुठं, ते कालच्या पानाच्या पाठीवर काढून ठेवलं. इंग्रजी अक्षरं, चित्रासारखी.

घरी येऊन नळ्यांचंच सांगत बसलो. सूनबाई म्हणते, "बाबा, नातवाला कधी एवढं जपलंत?"

गुरुवार, ७ मार्च

घात झाला! फ्रीझर साफ करताना डबा बर्फात ठेवला. नळ्यांवर हिम साचलेलं, म्हणून एकेक स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून जिथल्या तिथं ठेवली. शेवटी बोळ्याकडे बघितलं — निळा! चाळीसच्या चाळीस कोऱ्या. धड डोळ्यांच्या माणसाला पहिल्याच नळीला दिसलं असतं.

मॅडम ओरडल्या नाहीत. स्टुलावर बसल्या. "दोन वर्षांचं काम हो, काका. नावं वर होतीच, म्हणून वेगळं लिहिलं नाही मी."

माझ्याकडे आहे! पण त्याच पानाच्या दुसऱ्या अंगाला डोळ्याचं. तसाच घरी आलो. लाज वाटते.

शुक्रवार, ८ मार्च

सकाळपासून यादी दुसऱ्या कागदावर उतरवतोय. ते वाटोळं अक्षर की शून्य? कळेना. एक चुकलं तरी सगळं चुकलं!

वहीच नेतो. होईल ते होईल.

शनिवार, ९ मार्च

नळ्यांना नावं मिळाली. वही परत आली. सोमवारच्या मजकुराखाली मॅडमनी पेन्सिलीनं लिहिलंय — "ऑपरेशनची तारीख कळवा. जागा तुमचीच आहे. आणि काका, डोळ्याचं मला कधीच कळलं होतं. नाहीतर नळीवर एवढं मोठं अक्षर कोण काढतं?"