इराशी हिंदीत

३ ऑगस्ट
नातीच्या शाळेत आज 'हास्ययोग'. बाहेरून कुणी गृहस्थ आले, दोनशे मुलांना हात वर करायला लावून हा-हा-हो-हो करवून घेतलं. कारण? गेल्या महिन्यात बारावीतल्या एका मुलीनं जीव दिला. तिचं नाव मात्र कुणी घेतलं नाही. मूर्ख, सगळे.
इरा म्हणाली, "सगळे हँस रहे थे, आजी. मी पण. वीस मिनिटं." आणि खोलीत गेली.
भोपाळला समीरला फोन. लेकीबद्दल म्हणे, "आई, अभ्यासाचं टेन्शन असेल." असेल.

५ ऑगस्ट
दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे राहून शिकायला आली तेव्हा ही पोर माझी नक्कल करायची. चष्मा नाकावर, ओढणी कमरेला खोचून, पाटणकर बाजारात मी भांडते तश्शी: "भैया, ये भिंडी है या लाठी?" मी डोळे वटारायचे आणि स्वयंपाकघरात जाऊन हसायचे.
कधीपासून केली नाही? होळीनंतर नाहीच.
आता विनोद सगळे मरणाचे. "पेपर बिगड़ा तो बस, टाटा." फोनवर पलीकडे मैत्रिणी खिदळतात. हल्ली सगळी मुलं असंच बोलतात म्हणे.

७ ऑगस्ट
लिहायला हवं. लाज वाटली तरी.
जुलैत एकदा मी पोळ्या करत होते. इरा दारात. "आजी, मेरा जीने का मन नहीं करता."
मी मान वर न करता: "आधी मराठीत बोल."
आमच्या घरचा नियम, सोवळ्याहून कडक. चार पिढ्या ग्वाल्हेरात, पण उंबऱ्याच्या आत हिंदी नाही. कॉन्व्हेंटात मराठी बोललं की सिस्टर बाकावर उभं करायच्या. तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या घरात...
ती हसली. "कुछ नहीं." मला वाटलं, हाही त्यांतलाच विनोद.
त्या मुलीनं जीव दिला त्याच्या आधी की नंतर, आठवत नाही. आठवायला हवं होतं.

९ ऑगस्ट
आज विचारलं. दुपारी, तिच्या पलंगावर बसून. हिंदीत. आडवळण नाही. "इरा, मरने का मन करता है?"
तिनं उशी पोटाशी ओढली. मग, "कभी-कभी. रोज़ नहीं."
आणि लगेच, "तू डाँटणार?"
"नाही."
"पापाला सांगणार?"
"हो."
भांडली. "तू पण ना, आजी!" रडली. मग डोकं माझ्या मांडीवर. केवढं जड झालंय हे डोकं.
तिच्यासमोरच समीरला फोन केला. संध्याकाळच्या गाडीनं निघाला. तो पोचेपर्यंत मी तिच्या खोलीतून हलले नाही.

१४ ऑगस्ट
फूलबागेजवळच्या मनाच्या डॉक्टरीणबाई. "दादी बाहर बैठेंगी." मला! पस्तीस वर्षं मुलींना शिकवलं, आणि मी बाहेर. समीर शेजारी. पाऊण तास.
एकदा आतून हसणं ऐकू आलं. इराचंच. खरं, की बाईंचं मन राखायला, दारातून कळेना.
रिक्षात अगदी ओठांवर आलं, काय गं हसलीस? गिळलं. सत्तरीत ही जीभ गिळायला शिकतेय. पण ते हसू मला हवंय. मला, बाहेर बसलेलीला.
पुढच्या शुक्रवारी परत बोलावलंय. इरा अजून नाही म्हणालेली नाही.