लोकरी मोजे

ॲन आर्बर, गुरुवार, नोव्हेंबर १९८४

माझ्या पेशंटचा निकाल लागला. दोषी, पण मनोरुग्ण! म्हणजे तुरुंग चुकला नाहीच, फक्त आत उपचार होणार. भ्रमाच्या भरात बापाला मारलं आणि मग बापाचे पाय गार लागले म्हणून त्यांत लोकरी मोजे चढवले. सरकारी वकील म्हणे, एवढं सुचलं म्हणजे शुद्धीवर होता. अरे, बाप मेलाय हेच त्याला कळलं नव्हतं! साक्षीत मी तेच सांगितलं. ज्यूरीला पटलं असेल? ते मोजे डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

जेवताना ही म्हणाली, "अहो, निदान ट्रीटमेंट तरी मिळेल ना?"

मिळेल. मीच सुचवलीय. गोळ्या लागू पडतील, डोकं ताळ्यावर येईल. आणि एखाद्या सकाळी कोठडीत स्वतःचे मोजे घालताना त्याला कळेल, बापाचे पाय गार का होते.